फेअर वही ते फेअर कापूस: वऱ्हाडात रुळलेले एक इंग्रजी विशेषण

अमरावती-अकोल्याकडे ‘फेअर’ हा शब्द शिकायला इंग्रजी शाळेत जावे लागत नाही. चौथीतले पोर दुकानात ‘फेअर वही’ मागते. लग्नाच्या बायोडाट्यात ‘रंग : फेअर’ असे छापलेले असते. रेशन दुकानाच्या पाटीवर हाच शब्द ‘रास्त’ होऊन बसलेला आहे. आणि दिवाळीच्या सुमारास कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर ज्याला ‘एफएक्यू’ म्हणतो, त्यातला एफ म्हणजे फेअरच.

या चारही जागी शब्द एक असला तरी अर्थ वेगवेगळे आहेत. कुठे तो सौंदर्य सांगतो, कुठे न्याय, तर कुठे नुसते ‘बरे आहे, चालेल’. पुढे सगळे अर्थ घेतले आहेत, पण जास्त जागा कापसाला दिली आहे. बाकी ठिकाणी अर्थ चुकला तर फारसे बिघडत नाही. कापसाच्या काट्यावर मात्र या एका अक्षरावर घराचे वर्ष अवलंबून असते.

पहिला अर्थ : देखणे

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सुंदर, डोळ्यांना बरे वाटणारे असा होता. ‘माय फेअर लेडी’ या गाजलेल्या संगीतिकेच्या नावात तोच अर्थ आहे. बर्नार्ड शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’वरून ती संगीतिका झाली, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले. म्हणजे मराठी प्रेक्षकाला ही फेअर लेडी फुलराणी म्हणून भेटली.

पुढे इंग्रजीत देखणेपण आणि उजळ कातडी यांची सांगड पडली आणि ‘फेअर’चा अर्थ ‘गोरा’ असाही झाला. आपल्याकडे हा अर्थ बायोडाट्यातून आणि क्रीमच्या ट्यूबमधून घरात आला. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली. २०२० मध्ये कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून तिथे ‘ग्लो’ घातला. ट्यूबवरून शब्द गेला, बायोडाट्यातून अजून गेलेला नाही. गोरी, निमगोरी, सावळी या आपल्या शब्दांत जे उघड दिसते ते ‘फेअर’ आणि ‘व्हीटिश’ लिहिले की सभ्य वाटू लागते. वावरात उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या बायांच्या मुलखात मुलीच्या रंगासाठी असा रकाना ठेवायचा, हे मला पटत नाही. तो कोरा ठेवणारी घरे आता दिसू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे.

फेअर वही, फेअर प्रत, फेअर वेदर

डाग नसलेले, खाडाखोड नसलेले ते फेअर. शाळेतली रफ वही आणि फेअर वही ही जोडी यातूनच आली. सरकारी कचेरीत मसुद्यावर सही झाली की साहेब ‘फेअर करून आणा’ म्हणतात; कागदोपत्री मराठीत तिला ‘स्वच्छ प्रत’ म्हणतात आणि तो शब्द मुळाशी अगदी जुळतो.

निरभ्र हवामानालाही इंग्रजीत फेअर म्हणतात. इंग्रजांच्या काळातल्या रस्त्यांच्या नोंदींत ‘फेअर वेदर रोड’ असा प्रकार असे, म्हणजे पावसाळा सोडून चालणारा रस्ता. काळ्या मातीचा मुलूख पाहिलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्येष्ठ सरला, पाऊस लागला की गाडीचे चाक आसापर्यंत रुतायचे, आणि कापूस सगळा कार्तिक ते चैत्र या उघडिपीतच बाहेर जायचा.

खेळ आणि निवडणूक

नियमाने, पक्षपात न करता केलेले तेही फेअर. पंचाचा निकाल फेअर, परीक्षा फेअर, निवडणूक फेअर. मराठीत इथे निःपक्ष, न्याय्य, सरळ असे शब्द चालतात. ‘फेअर प्ले’ या कल्पनेला अमरावतीत जुने घर आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आपल्या मैदानावर ‘खोटं नको खेळू’ म्हणतात, तेच हे.

बोलताना इंग्रजी माणूस ‘फेअर एनफ’ म्हणतो. त्यात कौतुक नसते. ‘बरं, तुमचं म्हणणं पटलं’ एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत वापरताना

मराठीने हे विशेषण घेतले ते न बदलणारे म्हणून. चांगला, चांगली, चांगले असे त्याचे होत नाही. फेअर निकाल, फेअर वही, फेअर अक्षर, सगळीकडे रूप तेच. क्रियापद हवे असेल तर ‘फेअर करणे’.

देवनागरीत मात्र एक गोंधळ होतो. बुक फेअर, जॉब फेअर यातला फेअर म्हणजे जत्रा. तो लॅटिनमधून आला आणि आपल्या विशेषणाशी त्याचे नाते नाही. एसटीचे भाडे या अर्थाचा शब्द इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगचा आहे, आपण मात्र तोही ‘फेअर’च लिहितो. फेअरवेल आणि वेलफेअर यांत हा भाड्याकडचा, म्हणजे प्रवासाचा आणि निभावण्याचा शब्द आहे. अफेअर तर फ्रेंचमधून आलेला. मुलांना स्पेलिंग शिकवताना हे चौघे वेगळे करून सांगितले तर पुढचा घोळ टळतो.

फेअर भाव : रास्त, वाजवी, उचित

किमतीला फेअर लागले की मराठीत ‘रास्त’ म्हणतात. रास्त भाव दुकान हे ‘फेअर प्राइस शॉप’चे अधिकृत भाषांतर. पण वऱ्हाडात कोणी रास्त भाव दुकानात जात नाही. लोक ‘कंट्रोल’मध्ये जातात, ‘कंट्रोलचे गहू’ आणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर भावनियंत्रण आले, त्याची आठवण या शब्दात टिकून आहे. सरकारने दुकानाला न्यायाचे नाव दिले आणि लोकांनी नियंत्रणाचे नाव ठेवले.

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांचा रास्त भावाशी आणखी एक संबंध आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती विभाग, मराठवाडा आणि वर्धा इथे, २०१५ पासून केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांनाही दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ मिळू लागले. २०२३ पासून या कुटुंबांना धान्याऐवजी बँकेत पैसे देण्याचे ठरले, सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये. कापूस पिकवणाऱ्याला खायचे धान्य स्वस्तात द्यावे लागते, याचा अर्थ त्याच्या पिकाचा भाव पुरत नाही हे सरकारलाही ठाऊक आहे.

जमिनीच्या कायद्यातही हा शब्द आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावातच ‘फेअर कॉम्पेन्सेशन’ आहे. ग्रामीण भागात बाजारमूल्याला एक ते दोन या दरम्यानचा गुणक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, असा त्याचा हिशेब. इथे ‘फेअर’ला आकडा आहे, म्हणून त्यावर भांडता येते.

उसाचेही तसेच. उसासाठी केंद्र सरकार जो दर ठरवते त्याला २००९ पासून ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’ म्हणतात, मराठीत रास्त व किफायतशीर दर, बोलताना एफआरपी. यातला एफ भावाला लागलेला आहे. आता कापसाकडे वळू, तिथे तो कशाला लागला आहे ते पाहण्यासारखे आहे.

लिव्हरपूलच्या पट्टीवर ‘ऊमरा’

वऱ्हाडचा कापूस बाहेर जायचा तो आधी बैलांच्या पाठीवर, मिर्झापूरपर्यंत. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी मेहरजी आणि त्यांच्या भावाच्या पेढीने इथला कापूस थेट मुंबईला नेण्याची सुरुवात केली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडे मान वळवली. १८७० मध्ये तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या खामगावचा रेल्वे फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत फाटा आला.

इंग्रज व्यापारी अमरावतीचे स्पेलिंग ‘ऊमरावटी’ असे करीत. त्याचे तोडून ‘ऊमरा’ झाले, आणि लिव्हरपूल-मुंबईच्या बाजारात वऱ्हाडच्या, पुढे खानदेशापर्यंतच्या कापसालाही ते नाव लागले. अमरावती कुठे आहे हे ठाऊक नसलेला लिव्हरपूलचा दलाल रोज ‘ऊमरा’चा भाव पुकारीत असे.

या नावाला प्रतीचे विशेषण जोडत. हिंदुस्थानी कापसाची शिडी साधारण अशी होती : फेअर, गुड फेअर, गुड, फुली गुड, फाइन, सुपरफाइन. म्हणजे आपल्या कापसात ‘फेअर’ ही खालची पायरी. चालेल असा माल. आणि अमेरिकन कापसाच्या पट्टीवर? तिथे ऑर्डिनरीपासून वर चढत मिडलिंग येई, मग गुड मिडलिंग, मिडलिंग फेअर, आणि सगळ्यांत वर फेअर. एकाच बाजारात, एकाच भाषेत, एकच विशेषण अमेरिकन गाठीवर सर्वोत्तम असा अर्थ सांगे आणि अमरावतीच्या गाठीवर जेमतेम. अमेरिकन पट्टीत ‘देखणा, निष्कलंक’ हा जुना अर्थ राहिला, हिंदुस्थानी पट्टीत ‘बरा’ हा नवा. विशेषणाचा अर्थ ते कोणत्या शिडीवर आहे यावरून ठरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

ही विशेषणे फार काळ टिकली. मुंबईत १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली, आणि वायदे बाजारात ‘फाइन ऊमरा’ हा सौदा चालू राहिला.

प्रत वाढवून शेतकऱ्याला काय मिळे?

इंग्रजांची एक तक्रार कायम होती : वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा आणि घाण येतो. पाने, सरकीचे तुकडे, माती, वजन वाढवायला मारलेले पाणी. यातले बरेच वावरात होत नसे; सरकी काढणाऱ्या जीनमध्ये आणि व्यापाऱ्याच्या आवारात चांगला-वाईट माल एकत्र करताना होई. भेसळ आणि मिसळ रोखण्यासाठी पुढे १९२३ मध्ये कापूस वाहतुकीचा आणि १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा करावा लागला.

वाणाची गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या हातातली होती. इथे दोन जुने देशी कापूस होते. ‘बनी’ लांब, मऊ धाग्याचा. ‘जरी’ आखूड आणि जाडाभरडा, पण भरपूर पिकणारा. १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कापूस कमिशनर म्हणून आलेल्या रिव्हेट-कार्नॅकने बनी टिकावा म्हणून खटपट केली. तरी बनी मागे पडत गेला आणि जरी पसरला. पुढे विसाव्या शतकात शेतकी खात्याच्या ‘रोझियम’चेही तसेच झाले : धागा आखूड, पण उत्पन्न जास्त आणि सरकीमागे रुईही जास्त निघायची.

इंग्रजी अहवालांत याचा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाला दिलेला आढळतो. मला तो हिशेब उलटा वाटतो. चांगल्या धाग्याबद्दल लिव्हरपूलला जो जास्त पैसा मिळे, तो अमरावतीच्या बाजारात गाडी सोडणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता. मधे अडत्या, सावकार, जीनवाला आणि रॅली, फोल्कार्ट अशा विलायती पेढ्यांचे गुमास्ते होते. शेतकरी विकत होता सरकीसकट कापूस आणि प्रत ठरत होती रुईची, तीही त्याच्या माघारी. प्रतीचा पैसा हातात येत नसेल तर माणूस वजनाच्या मागे जाणार. त्याने केले ते शहाणपणाचेच होते.

बाजाराला शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयत्नही वऱ्हाडातच झाला. १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचे मूळ इथे आहे. तोलारे आणि दलाल परवान्याखाली आले, काटा तपासला जाऊ लागला. पण समितीवर वजन व्यापाऱ्यांचे राहिले.

आजचा एफएक्यू

एफएक्यू म्हणजे फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. मराठीत ‘सरासरी रास्त दर्जा’ असे काही केले तर ते चूक होईल. इथे फेअर म्हणजे रास्त नव्हे, सुंदरही नव्हे. लिव्हरपूलच्या हिंदुस्थानी पट्टीवरचाच तो ‘बरा’ आहे. सर्वसाधारण हंगामात निघणारा, खोट नसलेला माल, असा त्याचा अर्थ. हमीभाव जाहीर होतो तो या मालाचा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. वर्तमानपत्रात आकडा ठळक येतो आणि ‘एफएक्यू दर्जासाठी’ हे शब्द त्याच्या मागे राहतात.

भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर मुख्यतः पुढच्या गोष्टी पाहतात. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये. मायक्रोनेअर, म्हणजे तंतूचा जाडपणा आणि पक्वता सांगणारा आकडा. काडीकचरा आणि पिवळेपणा. आणि ओलावा, ज्याला सगळे ‘मॉश्चर’ म्हणतात.

भांडण होते ते बहुधा ओलाव्यावरून. पूर्ण हमीभाव आठ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला मिळतो. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. ८,११० च्या कापसात ओलावा दहा टक्के निघाला तर हातात ७,९४७ रुपये ८० पैसे येतील. बारा टक्के निघाला तर ७,७८५ रुपये ६० पैसे. पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, परतीचा पाऊस तेव्हाच झोडपतो, आणि पैशाची गरजही तेव्हाच असते. आठ टक्क्यांपर्यंत वाळवायला जागा, ऊन आणि थांबण्याची ऐपत लागते. ज्याचे घर दोन खोल्यांचे आहे आणि कापूस त्यातल्याच एका खोलीत भरला आहे, त्याला थांबता येत नाही.

शेवटच्या वेच्याचा माल तर वेगळाच. बोंडअळीने डागलेला, न फुललेल्या बोंडातून ओढून काढलेला, त्याला ‘कवडी’ म्हणतात. तो एफएक्यूत बसत नाही यावर वाद नाही. वाद असतो तो मधल्या मालाचा. ग्रेडर म्हणतो, ‘‘भाऊ, हा माल नाई बसत.’’ शेतकरी विचारतो, ‘‘काहून नाई बसत?’’ हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि उत्तर आकड्यात मागितले पाहिजे : मॉश्चर किती आले, लांबी किती धरली, कपात कशापायी. यंत्रावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, आणि तोच पावतीवर आला आहे का तेही तपासून घ्यावे.

एफ मालाचा आणि एफ भावाचा

उसाच्या एफआरपीत ‘फेअर’ हे विशेषण दराला लागते. कापसाच्या एफएक्यूत ते मालाला लागते. म्हणजे ऊसवाल्याला सरकार रास्त भावाचा शब्द देते, आणि कापूसवाल्याकडून बऱ्या मालाचा शब्द घेते. शरद जोशींनी शेतकरी संघटनेची सारी मागणी शेतमालाला रास्त भाव या एका कलमात आणली, तेव्हा त्यांनी हे विशेषण मालावरून उचलून भावावर ठेवले. त्या मागणीसाठी वऱ्हाड-मराठवाड्याच्या कापूस पट्ट्यात मोठी आंदोलने झाली. १९८६ च्या डिसेंबरात हिंगोलीजवळ सुरेगावला कापूस आंदोलनातल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले.

भावाला लागलेला फेअर विदर्भातल्या काही कापूस गावांत दुसऱ्या वाटेनेही आला आहे. ‘फेअरट्रेड’ प्रमाणपत्राच्या व्यवस्थेत उत्पादक गटाला ठरलेला किमान दर आणि त्यावर गावकामासाठी वेगळी रक्कम मिळते. चेतना ऑर्गॅनिकसारख्या संस्थांनी कोरडवाहू शेतकऱ्यांचे गट बांधून हे काम केले. क्षेत्र लहान आहे, पण विशेषण योग्य नामाला जोडलेले आहे.

मर्यादा बदलता येते

एफएक्यू फक्त कापसाला नाही. तूर, हरभरा, सोयाबीन यांची सरकारी खरेदीही याच अटीवर चालते आणि ‘नॉन एफएक्यू’ शिक्का बसला की पोते परत घरी येते. सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा बारा टक्के होती. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारभाव त्याच्या बराच खाली, आणि ओलाव्यामुळे केंद्रावर माल परत जात होता. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या मध्यात, केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा पंधरा टक्के केली. काल चौदा टक्क्यांमुळे नाकारलेले सोयाबीन त्या आदेशाने घेण्याजोगे झाले. दाणा तोच होता. दिवाळीच्या खर्चासाठी ज्यांनी ऑक्टोबरातच सोयाबीन व्यापाऱ्याला घालून टाकले होते, त्यांना मात्र या तीन टक्क्यांचा काही उपयोग झाला नाही.